बंद पडलेला संगणक भंगारात देण्याआधी आमच्याकडे आणा

वाचनालयाच्या संगणक कक्षात सहा जुने संगणक आहेत. त्यांतले तीन गेले कित्येक महिने ढिम्म होते. बटण दाबलं तरी ना पंखा फिरे, ना दिवा लागे. उरलेल्या तिघांपुढे अर्ज भरायला आलेली मंडळी आणि शाळेतली मुलं ताटकळत बसायची.

गेल्या रविवारी आम्ही बंद पडलेल्या तिघांचीही झाकणं काढली. पहिल्याचं दुखणं कळल्यावर हसूच आलं. बिघाड फक्त समोरच्या बटणात होता. मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच्या, पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि पंखा घुमू लागला. आता रीसेटच्या बटणाची वायर तिथे खोचली आहे, त्यामुळे तो संगणक ‘रीसेट’ दाबून सुरू होतो. नवख्या माणसाला रोज समजावून सांगावं लागतं, पण चालतोय!

दुसऱ्याचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मेला आहे. प्लग लावलेला असला की संगणक बंद असतानाही जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत. उसन्या मल्टीमीटरने शून्य दाखवलं. एसएमपीएस बाहेर काढून २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पाहिली, तरीही पंखा हलला नाही. एसएमपीएसचा डबा मात्र आम्ही उघडला नाही आणि कोणी उघडूही नये, कारण प्लग काढल्यावरही आतले वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतात.

तिसऱ्याच्या मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारचे पाच कपॅसिटर डोक्यावर फुगले आहेत. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांचा हा जुनाच आजार. कपॅसिटर बदलता येतात, पण आमच्यात सफाईने सोल्डरिंग करणारं कोणी नाही. खरी अडचण हीच आहे. वस्तू मिळतीलही, सरावाचा हात मिळणं कठीण. कोणाला ते येत असेल तर एक सकाळ द्या, शिकायला आम्ही चौघं तयार आहोत.

वस्तूंमध्ये आधी हवा चालू एसएमपीएस, ३०० वॅटच्या पुढचा, प्रोसेसरसाठीचा चार पिनी १२ व्होल्टचा कनेक्टर असलेला. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, डीडीआर२ किंवा डीडीआर३ कोणत्याही प्रकारची द्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, निवड आम्ही करू. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल आणि एखादा मल्टीमीटरही हवा आहे. रोख मदत दिलीत तर पावती मिळेल आणि आणलेल्या वस्तूंची यादी फलकावर लागेल.

अख्खा बंद संगणक दिलात तर उत्तमच, त्याचे सुटे भाग कामी येतात. तरी आणण्याआधी घरी एवढं पाहा: भिंतीवरच्या त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा, पॉवर केबल बदला, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना ते तपासा. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, असं असेल तर प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा आणि ती पुन्हा घट्ट बसवा. एवढ्याने तो सुरू झाला तर तुमच्याकडेच ठेवा, आमची तक्रार नाही.

देताना हार्ड डिस्क काढून घ्या, तुमचे फोटो आणि कागदपत्रं आम्हाला नकोत. ती काढता येत नसेल तर तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात देऊ. रविवारी सकाळी कक्ष उघडा असतो. मॉनिटर आणू नका, ते पुरेसे आहेत.

– संगणक कक्ष समिती