ओट्यावरून दिसणारा उजेड

ओतूर,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय अव्या,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. नंतर उलटा केलाही नाही. कांद्याची रोपं, मजुरांची ओढाताण ही कारणं आहेतच, पण आधी राहून गेलं आणि मग राहून गेल्याच्या संकोचाने आणखी राहिलं. आज जे सांगायचंय ते तसंही फोनवर जमलं नसतं, कारण फोनवर तू मधेच बोलतोस. माझी तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. काकूंकडे परवा जाऊन आलो, मजेत आहेत. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू फेब्रुवारीत काढू म्हणतात.

आता मुद्द्याचं. तू २०१९ ला ताईच्या वास्तुशांतीला आलास तेव्हा मला जी बॅटरी दिलीस, तिच्याबद्दल आहे हे. (तू तिला टॉर्च म्हण. मस्कतला गेल्यापासून म्हणतोसच. आमच्याकडे ती बॅटरीच.) तेव्हा मी म्हणालो होतो, एवढ्याशा नळकांडीने काय होणार? आपल्या बापजाद्यांच्या बॅटऱ्या म्हणजे दोन मोठ्या सेलच्या, हातभर, वेळ पडली तर कुत्र्याला हाणता येईल अशा. ही तर वीतभरही नाही. पण सहा वर्षं ती माझ्या खिशात आहे, रोज. क्लिप तुटली तेव्हा लाल गोफ बांधला. मागच्या बटणाचं रबर फाटलं ते बदललं. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावतो, मागचं टोपण पाव आटा सैल करून खिशात टाकतो, म्हणजे चुकून दाबली जाऊन मांडी भाजत नाही. डीपीवरचा फ्यूज बघायचा तर ती दातांत धरलेली. गेल्या श्रावणात गाय रात्री तीनला व्याली, तेव्हा सगळ्यात मंद उजेड लावून वासराचे पाय बघितले. गाय बुजलीसुद्धा नाही. तुझ्या कंपनीने तुला काय काय दिलं असेल ते असो, पण तू मला दिलेल्यातली ही सगळ्यात कामाची वस्तू. हे मी तुला एकदाही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रात्री ती बंद पडली, आणि तेव्हा ती माझ्या हातात नव्हती. ओंकारच्या हातात होती.

आमच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, दहाच्या पुढे. कांद्याला आंबवणी, म्हणजे लागणीनंतर थोड्या दिवसांनी द्यायचं हलकं पाणी, द्यायची होती, ती पुढे ढकलता येत नाही. माझा गुडघा सुजलेला. ओंकार म्हणाला, बाबा, मी जातो. मंगल नको म्हणत होती. बारावीचं वर्ष आहे, आणि बाजूला उसाचं रान. वाघाचं तुला वेगळं सांगायला नको. (बिबट्या म्हणायला आपण पेपरवाल्यांकडून शिकलो, आजीच्या तोंडी वाघच होता.) माणिकडोहच्या बिबट्या केंद्राचे पिंजरे सारखे भरलेले असतात. पिंपरखेडच्या लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले ते फोटो तू तिकडे बसून पाहिलेच असशील. तरी मी पोराला पाठवलं. बॅटरी आहे ना, म्हणालो. हे माझे शब्द.

मी ओट्यावर बसलो. अव्या, इतकी वर्षं मी रात्री दारं धरायला गेलो की मंगल ओट्यावर बसलेली असायची. मला वाटायचं तिला झोप येत नसेल. त्या रात्री कळलं ती काय करत होती. ओट्यावरून चार एकर पलीकडे तो उजेडाचा ठिपका दिसतो. वाफा भरला की तो वाकतो, दारं मोडलं की सरकतो, मोटारीकडे गेला की विहिरीच्या कठड्यावर चढतो. तो ठिपका हलतोय म्हणजे माणूस ठीक आहे. बारा वाजून वीस मिनिटांनी ठिपका गेला.

मी म्हटलं, सेल वाचवत असेल. दहा मिनिटं तसाच बसलो. ती दहा मिनिटं मला अजून टोचतायत. मग काठी आणि मोबाईल घेऊन निघालो. मोबाईलचा उजेड तुला माहीत आहे, पायापुरता सांडतो, तीन पावलांपलीकडे काही नाही, वर थंडीने धुकं. हाका मारत गेलो. निम्म्या वाटेवर त्याचा आवाज आला, "इथंय बाबा. हललो नाही मी."

स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून, मोटारीच्या ओट्यावर उभा होता. हातात फावडं. मोबाईल घरीच चार्जिंगला राहिलेला. पेटीवरचा बल्ब महिन्यापूर्वी गेला होता, तो मी बसवला नव्हता. पाणी फुटून तीन वाफ्यांतली रोपं आडवी झाली होती, ते त्याला ऐकू येत होतं, तरी तो उतरला नाही. मी विचारलं, घराकडे का नाही आलास, पायाखालची वाट आहे. तर म्हणाला, "तोलारखिंडीत अविनाशकाका थांबले होते ना."

अव्या, तोलारखिंडीची गोष्ट मी घरात किती वेळा सांगितली असेल. आणि दर वेळी मी ती तुझ्या भित्रेपणाची म्हणून सांगितली. १९९४ चा डिसेंबर, हरिश्चंद्रगडावर निघालेलो, खुबी फाट्यावर एसटी चुकलेली, खिरेश्वर सोडायलाच अंधार पडला. दिल्याने वाटेत माकडांवर उजेड मारून सेल संपवले (हो, दिल्यानेच. तू अजून माझं नाव घेतोस म्हणून पुन्हा लिहितो). खिंडीत पोचेस्तोवर बल्ब पिवळा झाला, मग तांबडा, मग तार नुसती निखाऱ्यासारखी. तू सेल काढून हातांत चोळलेस, काखेत धरलेस, पुन्हा घातलेस. पाच मिनिटं उजेड आला. सेलवर तुझा भारी विश्वास. लहानपणी संपलेले सेल तू गच्चीवर उन्हात वाळत टाकायचास आणि काकूंनी ते कुरडयांबरोबर डब्यात भरले होते, आठवतंय? मला तर अजून कुरडई चावताना दात जपावेसे वाटतात.

तर खिंडीत, त्या दगडी वाघाच्या शिल्पाशी, तू बसलास आणि म्हणालास, उजाडेपर्यंत मी इथून उठणार नाही. मी म्हणालो, वाट सरळ आहे, चांदणं येईल, चल. दिल्यासमोर तुला नको ते बोललो. तू ऐकून घेतलंस, पण उठला नाहीस. तिघं कुडकुडत बसलो, आणि सकाळी पाहिलं तर वाट खरोखर सरळ होती. दोन तासांत देवळाशी. तीच सरळ वाट मी एकतीस वर्षं तुझ्या तोंडावर मारत आलो. तुझ्या लग्नातसुद्धा.

बुधवारी सकाळी मी पाटाच्या कडेने, उसाच्या पहिल्या सरीपर्यंत ठसे शोधत फिरलो. चिखल मऊ होता, मांजराचा पायही उमटला असता. काहीच नव्हतं. पोरगा घराकडे चालत आला असता तर सुखरूप आला असता. हे समोर दिसत असूनही तो थांबला म्हणून मी तिथे बांधावर बसून देवाचे आभार मानत होतो. आणि तेव्हा मला खिंडीतली सकाळ आठवली. तू बरोबर होतास, अव्या. वाट सरळ निघाली तरी बरोबर होतास. हे लिहायला मला फार उशीर झाला.

आता ती बंद का पडली ते ऐक, कारण तिचा दोष नाही. माझा जुना सेल सहा वर्षांचा, पूर्वी चार रात्री पुरायचा, आता दीड. ओंकारने ते पाहिलं होतं. बाजारातल्या एका पथारीवरून त्याने स्वतःच्या पैशांनी नवीन आणला, एकशे ऐंशी रुपयांना, मला न सांगता घालून ठेवला. वर ९९०० एमएएच लिहिलेलं, म्हणजे आत किती वीज मावते तो आकडा. अरे, हा १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, शेवटचं शून्य गोल आकाराचं. एवढ्या डबीत आज ३५०० च्या आसपास मावतं, त्याच्यापुढे फारसं काही नाही. सोनाराच्या काट्यावर जोखला. माझा जुना सेल ४६ ग्रॅम भरला, हा २९. आत काय भरलंय कोण जाणे, फोडायच्या फंदात पडलो नाही. आणि आपली जुनी बॅटरी कशी पिवळी होत, तांबडी होत, सांगून जायची. ही मधल्या उजेडावर शेवटपर्यंत एकसारखी जळते, दोनदा मिचकते, की संपली. एरवी हाच तिचा गुण. पण त्या पोराला कळायला वेळच मिळाला नाही.

मी त्याच्यावर ओरडलो. मग तो म्हणाला, "तुमचा सेल म्हातारा झाला होता, म्हणून आणला." त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

आता माझ्यासमोर जे आहे त्याचं उत्तर मला सापडत नाही. ओंकारला पुन्हा जायचंय. म्हणतो, मी थांबलो की नाही, मग? मंगल दोघांशीही बोलत नाही. फक्त ताट वाढते. सौर वाहिनीवर गेलेल्या गावांना दिवसा लाईट मिळते. आमच्याकडे ती कधी येईल तेव्हा येवो, तोवर कांदा थांबणार नाही. मजूर रात्री उसाकडे यायला धजत नाहीत आणि त्यांना आग्रह करायला माझीही जीभ रेटत नाही. म्हणजे मी किंवा तो. माझा गुडघा दिवसेंदिवस ना म्हणतोय. मी त्याच्या वयाचा असताना बाबांनी मला पाठवलंच होतं, पण तेव्हा आपल्याकडे ऊस एवढा कुठे होता, आणि वाघ डोंगरात होता.

त्याला मोठी बॅटरी हवी आहे. मोबाईलवर दाखवतो, दोन हजार लुमेन, अमुक मीटर लांब. मी त्याला समजावतोय की जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं असं नसतं. ओल्या उसाच्या पानांवर तो झोत मारला की पांढरी भिंत उभी राहते, पलीकडचं काही दिसत नाही. आणि झोत बंद केलास की तू आंधळा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बांधावर चालताना मंद उजेड, पायांपुढे पाच-सहा हात, आणि मधूनमधून थांबून कपाळाजवळ धरून चौफेर फिरवायचा. कपाळाजवळ का, तर जनावराच्या डोळ्यांवरून परतलेला उजेड आपल्याच डोळ्यांशी येतो. मी हे त्याला गवतात करून दाखवलं. शेकडो बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या, तो म्हणाला दव. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक कोळी. तेव्हा कुठे माझं बोलणं त्याच्या कानात शिरलं.

तुझी बॅटरी पिवळसर उजेडाची, त्यावरही आमचं वाजलं. तो म्हणतो जुनाट दिसते. मी म्हणतो, निळसर पांढऱ्या उजेडात माती, पाचट, फुरसं सगळं एका राखेच्या रंगाचं होतं. ह्या उजेडात तपकिरी ते तपकिरी दिसतं. २०२२ मध्ये विहिरीच्या पायरीवर मला फुरसं दिसलं ते ह्याच उजेडामुळे, दीड हातावर, करवतीसारखा आवाज करत वेटोळं घासत होतं. ते तुला तेव्हा कळवायला हवं होतं. राहिलं.

पण हे सगळं शिकवताना मनात एकच येतं. मी त्याला बॅटरी वापरायला शिकवतोय की रात्री जायची मुभा देतोय? ती खिशात असली की मलासुद्धा वाटतं, चला, काही होत नाही. "बॅटरी आहे ना" हे मी किती सहज बोलून गेलो. तुझ्या हातात त्या रात्री खिंडीत काहीच नव्हतं म्हणून तू नीट विचार केलास, असं मला आता वाटतं. तू असतास तर ओंकारला पाठवलं असतंस का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. मंगल म्हणते अविनाशभाऊजींना विचारा, म्हणजे तिच्याही मनात तूच आहेस.

ऋतूचं नर्सिंगचं पहिलं वर्ष कसं चाललंय? वहिनींची शाळा बदलली म्हणे, काकूंनी सांगितलं. तुमच्याकडे माणसं कमी करतायत असं ऐकलं. तुझं काय ते स्पष्ट कळव, लपवू नकोस. दिल्या आजोबा झाला, नात तंतोतंत त्याच्यासारखी आहे, बिचारी.

मार्चमध्ये येणार असशील तर दोन सेल आण, नावाजलेल्या कंपनीचे. ३००० किंवा ३५०० लिहिलेले. प्लॅस्टिकच्या डबीत घाल आणि हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत विमानवाले सुटे सेल घेत नाहीत. सोबत एक टोपणाचं रबर मिळालं तर बघ.

पेटीवरचा बल्ब मी बुधवारीच बसवला. आजही दहाला लाईट येईल, पाच वाफे राहिलेत. तो पुढे आणि मी काठी टेकत मागे, असे दोघंही जातोय. जुना सेल दुपारी भरून ठेवलाय. मंगल ओट्यावर बसेल.

तुझा,
बाळ्या