नावाने हाक मारायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

यंदाच्या व्हीबीएसच्या, म्हणजे सुट्टीतल्या मुलांच्या बायबल शाळेच्या, समारोपाच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानले गेले, तुमचे तेवढे राहिले. तुम्ही तेव्हा फाटकाशी उभ्या होतात, वही हातात घेऊन. ज्याने मूल आणलं त्याच्याच हाती ते सोपवत होतात. पुढे बोलावलं असतं तरी तुम्ही जागा सोडली नसती, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे, सगळ्या मंडळीला वाचता येईल असं.

गेल्या वर्षीची आमची व्हीबीएस मनाला लागून राहिली होती. पाच दिवसांत बारा गोष्टी, रोज नवं वचन, गाण्यांवर गाणी. शेवटच्या दिवशी मुलांना पहिल्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. आणि एका मुलाला आम्ही पाचही दिवस ‘चष्मेवाला’ म्हणत राहिलो. यंदाच्या पहिल्या बैठकीत तुम्ही एवढंच विचारलंत, “त्या मुलाचं नाव काय होतं?” कुणालाच सांगता आलं नाही.

विषय तिथेच ठरला: देव नावाने हाक मारतो. जळत्या झुडपातून मोशेला, रात्री निजलेल्या शमुवेलाला, येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाला, कामाच्या धांदलीतल्या मार्थेला आणि कबरेपाशी रडणाऱ्या मरीया मग्दालीयेला. रोज एकच गोष्ट. पाठांतराला आठवडाभर एकच वचन, यशया 43:1. त्यात देव म्हणतो, मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. मला वाटलं होतं, मुलं कंटाळतील. तिसऱ्या दिवसापासून लहान गटातली मुलं त्या वचनात आपापलं नाव घालून म्हणू लागली, तेव्हा तुमचं म्हणणं पटलं.

शमुवेलाचा दिवस तर मी विसरणार नाही. मुलांना डोळे मिटून आडवं व्हायला सांगितलं, आणि तुम्ही कोपऱ्यातून हळूच एकेकाचं नाव घेत गेलात. नाव ऐकलं की उठून बसायचं. इतकी शांतता त्या खोलीत कधी अनुभवली नव्हती. त्या दिवशी मला शमुवेलाला सांभाळणारा म्हातारा याजक एलीसुद्धा नव्याने दिसला. देवाची हाक ऐकून, एलीनेच बोलावलं असं समजून, शमुवेल तीनदा त्याच्याकडे धावला. एलीची नजर अंधुक झाली होती, पण मुलाला कोण हाक मारतंय हे आधी उमगलं ते त्यालाच. मुलांच्या सेवेत वयस्क माणूस का हवा, हे मला यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

जक्कयाच्या गोष्टीच्या वेळी एका मुलीने विचारलं, “येशूला त्याचं नाव कुणी सांगितलं?” मी लगेच उत्तर द्यायला निघाले आणि तुम्ही हाताने थांबवलंत. मुलंच बोलू लागली. एकजण म्हणाला, “तो झाडावर चढायच्या आधीपासूनच येशू त्याला ओळखत असेल.” मी दिलेलं उत्तर इतकं सुंदर झालं नसतं.

बाकीची तुमची शिस्त सुरुवातीला काहींना जाचक वाटली होती. प्रत्येक खोलीत दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत. नोंदणीतच लिहून घ्यायचं की मुलाला काय खाल्लेलं चालत नाही आणि घरी कोण न्यायला येणार. जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करायचा. यातल्या फोनामुळे दोन मुलं परत आली. एकाला वाटलं होतं, आपण नाही गेलो तर कुणाला कळणारही नाही.

तो चष्म्याचा मुलगा यंदाही आला, मावशी. पहिल्या सकाळी दारातच तुम्ही त्याला नावाने हाक मारलीत. तो थबकला आणि मागे वळून पाहू लागला, दुसऱ्याच कुणाला बोलावलंय की काय म्हणून. नंतरचे चारही दिवस तो सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाशी तुमच्या शेजारी उभा राहिला आणि येणाऱ्यांची नावं तुम्हाला सांगू लागला.

तुमची वही माझ्याकडे राहिली आहे. रविवारी उपासनेनंतर आणून देते. पण पुढच्या वर्षासाठी तिच्यातली पानं मी उतरवून घेतली आहेत, रागावू नका.

तुमची,
लहान गटाची शिक्षिका