नाना, गोळी बदललीय, आता रक्त तपासून घ्या

ती. आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर नानांनी बाही वर सरकवली आणि दंडावरचा काळानिळा डाग दिसला. "केळीचा घड उचलताना लागलं असेल," म्हणालात. लागलंही असेल. पण त्यानंतर आई सहज बोलून गेली की महिन्यापूर्वी कोलेस्टेरॉलची गोळी बदलली. मला हे आधी का नाही सांगितलंत? फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. आई, नानांना वाचून दाखव.

आधीची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन होती. तिने वॉर्फरिनच्या, म्हणजे नानांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या, कामात सहसा फारसा फरक पडत नाही. आताची रोसुव्हास्टॅटिन आहे. ती वॉर्फरिनबरोबर घेतल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, वाढू शकतो आणि रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ होतं. डॉक्टरांनी तुमचा आकडा २ ते ३ ठरवून दिलाय. गोळी बदलली की तो लवकर तपासायचा असतो, आणि तुमचा शेवटचा रिपोर्ट दिवाळीआधीचा! डॉक्टरांना आजच फोन करून डागाचं सांगा आणि उद्या सकाळी लॅबमध्ये जा. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या खिशात असू द्या.

मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही. जिभाऊ म्हणतात तसं कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. ठोके अनियमित आहेत म्हणून वॉर्फरिन दिलीय. ती सोडली तर गुठळी होऊन मेंदूत जायची भीती. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणता, ती आणू नका. तिने रक्तस्राव वाढतो.

आई, मेथी-पालक तू बंदच केलंस म्हणे. नको गं. त्यातलं व्हिटॅमिन के वॉर्फरिनच्या उलट काम करतं हे खरं, पण डोस रोजच्या जेवणावरच बसवलेला असतो. आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज मेथी, असं झालं की आकडा हलतो. पूर्वी करायचीस तेवढीच कर. भरितात कांद्याची पातही नेहमीइतकीच. बामणोदच्या वांग्यांना कुणी नाही म्हटलेलं नाही.

शी काळी झाली, हिरड्यांतलं रक्त थांबेना, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर माझ्या फोनची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. डोकं वरून ठीक दिसलं तरीही.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. रिपोर्टचा फोटो उद्याच पाठवा, आकडा नीट वाचता येईल असा.

तुमची लेक