डोळ्यांखाली राखाडी का दिसतं?

प्रिय सखे,

डाग आणि काळेपणा झाकायचा कन्सीलर लावला की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं आणि दोन तासांत रेघा पडतात, असं तू लिहिलंस. म्हणून आता आणखी उजळ आणि आणखी जाड कन्सीलर घ्यायचा तुझा विचार आहे. तो घेऊ नकोस. काळेपणा थर चढवून जात नाही, रंगावर रंगाचाच उतारा लागतो. आणि त्यासाठी तुझ्या डोळ्यांखाली नेमका कोणता रंग आहे ते आधी बघायला हवं.

चेहरा धुऊन दिवसाच्या उजेडात खिडकीसमोर उभी राहा. डोळ्याखालची त्वचा बोटाने अगदी हलके बाजूला ओढ. तपकिरी छटा त्वचेबरोबर सरकली आणि तशीच राहिली तर तो त्वचेतलाच रंग आहे, मेलॅनिनचा. निळसर-जांभळं दिसत असेल आणि ताणल्यावर ते जास्तच उठून आलं, तर खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. तिथली त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. आता चेहरा थेट उजेडाकडे वर कर. काळेपणा बराचसा नाहीसा झाला तर तो रंग नव्हेच, खळग्याची सावली आहे. बहुतेकींच्या डोळ्यांखाली हे तिन्ही थोडंथोडं असतं.

राखाडीपणा कुठून येतो तेही सांगते. फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं. निळसर किंवा गडद तपकिरी भागावर हा पांढरट थर बसला की खालचा रंग त्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राखेची छटा तयार होते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे लगेच कळतं. म्हणून आधी करेक्टर, म्हणजे खालचा रंग मारणारा विरुद्ध रंगाचा थर. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी, त्यामुळे गोऱ्या त्वचेला फिकट पीच, गव्हाळ त्वचेला गडद पीच ते नारिंगी आणि सावळ्या त्वचेला नारिंगी ते विटकरी. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या एका दाण्याएवढा पुरतो. जिथे काळं आहे तिथेच लाव, बहुधा आतल्या कोपऱ्यापासून खळग्यापर्यंत. थापून झाल्यावर काळंही दिसायला नको आणि नारिंगीही. नारिंगी दिसत असेल तर जास्त झाला. कोरड्या स्पंजने टिपून घे.

शेड निवडताना हाताच्या पाठीवर लावून बघू नकोस, तिथला रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला जवळजवळच्या तीन शेडच्या रेघा ओढ आणि पंधरा मिनिटं थांब. बरेच कन्सीलर सुकताना, त्वचेचं तेल मिसळताना गडद होतात, त्यामुळे ओल्या रेघेवरून ठरवलं तर फसायला होतं. उजेडात जी रेघ विरून दिसेनाशी होते, ती तुझी शेड. डाग आणि मुरमांसाठी हीच. डोळ्यांखाली फार तर अर्धी-एक शेड उजळ. त्यापुढे गेलीस की पुन्हा राखच. डोळ्यांखाली फुगवटा असेल तर त्याच्यावर उजळ काहीही नको, तो आणखी पुढे आल्यासारखा दिसतो. फुगवट्याच्या खाली जी खाच असते, त्या खाचेतच बारीक ब्रशने एक रेघ दे.

आता रेघा पडण्याचं. चूक बहुतेक वेळा कन्सीलरची नसते, त्याच्या खाली काय आहे आणि तो किती आहे याची असते. आय क्रीम अगदी थोडं लाव, पाच मिनिटं मुरू दे, मग टिश्यू दाबून वरचा तेलकटपणा काढ. ते राहिलं तर कन्सीलर त्यावर घसरतो आणि हसताना जिथे त्वचा दुमडते तिथे जाऊन साचतो. करेक्टर, मग लिक्विड फाउंडेशन, मग कन्सीलर हा क्रम ठेव. फाउंडेशनने निम्मं काम झालेलं असतं, म्हणून कन्सीलर कमी लागतो. फाउंडेशन पावडरचं असेल तर मात्र कन्सीलर त्याच्या आधी, नाहीतर गुठळ्या होतात.

कन्सीलरचे दोनच ठिपके दे: एक आतल्या कोपऱ्यापाशी, दुसरा बाहेरच्या कोपऱ्याच्या किंचित खाली. पापण्यांच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोड, पसरताना तो आपोआप तिथे पोचतो. अर्धा मिनिट तसाच राहू दे म्हणजे जरा घट्ट होऊन चांगला झाकतो. मग अनामिकेने थाप, कारण त्या बोटाचा दाब सगळ्यात हलका असतो. ओढायचं नाही, ओढलं की खालचा करेक्टर सरकतो. स्पंज वापरत असशील तर भिजवून पूर्ण पिळलेला हवा.

शेवटी वर बघ, पडलेली बारीक रेघ बोटाने दाबून सपाट कर आणि लगेच, डोळे खाली न करता, छोट्या ब्रशने चिमूटभरापेक्षाही कमी लूज पावडर लाव. रेघ पडल्यावर पावडर टाकलीस तर ती रेघ तिथेच पक्की होते. ही एक गोष्ट नीट जमली तरी तुझी निम्मी तक्रार मिटेल.

मुरमांना डोळ्यांखालचा ओलसर, चमकदार कन्सीलर चालत नाही, कारण चमक उंचवटा दाखवते. तिथे घट्ट, मॅट हवा. टोकदार ब्रशवर मोहरीएवढा घे, मधोमध ठेव आणि फक्त कडा त्वचेत मिसळ. मधला भाग हलवलास तर लाल परत उघडा पडतो. फार लाल असेल तर आधी हिरव्या करेक्टरचा अगदी पुसट थर. रंग झाकला जाईल, उंचवटा मात्र राहील, तो झाकायला थर वाढवत बसू नकोस. मुरूम सुकून पापुद्रे निघत असतील तर आधी मॉइश्चरायझर लाव, नाहीतर कन्सीलर पापुद्र्यांना धरून बसतो. आणि ट्यूबची कांडी थेट मुरमावर टेकवू नकोस, जंतू परत ट्यूबमध्ये जातात. स्वच्छ हातावर थोडा काढून घे. उघड्या डबीच्या चिन्हात जे आकडे असतात, 6M किंवा 12M, उघडल्यापासून तेवढेच महिने तो वापरायचा.

चोळल्यावर रबराच्या भुग्यासारखे कण निघत असतील तर खालचं सनस्क्रीन नीट बसलेलं नाही, किंवा त्याचं आणि कन्सीलरचं जुळत नाही. सनस्क्रीन सोडू नकोस, थांबायची वेळ वाढव. तरी निघत असतील तर दोन्हींपैकी एक बदल.

काढताना कापसावर मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं पाणी, घेऊन डोळ्याखाली दहा-पंधरा सेकंद नुसतं धरून ठेव, मग पूस. रोजच्या घासण्यानेही तिथला रंग गडद होतो.

करून झालं की खिडकीपाशी एक फोटो काढून पाठव, फ्लॅश न लावता. सिलिकाची पावडर फ्लॅशमध्ये पांढरी उजळते, आणि मग मला शेड चुकली आहे की पावडर जास्त झाली आहे ते कळणार नाही.

तुझीच,
मैत्रीण