काळा खडू अर्धाच उरलाय

प्रिय चिनू,

रविवारी फोन मी आपटला नाही, हातातून निसटला. त्याआधी जे बोललो ते मात्र निसटलेलं नव्हतं. ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग तुला होतंय तरी काय?’ असं आपल्या मुलीला विचारू नये, निदान त्या आवाजात तर नाहीच. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या छातीतल्या धडधडीबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलंय.

तेव्हा माझंच सांगतो.

तू आणि दादाने मिळून माझं नाव आर्ट थेरपीच्या गटात घातलंत, तेव्हा मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. ‘बालवाडीत जायचा राहिलोय का मी?’ त्या दिवसांत मी दिवसाला चार वाक्यंही बोलत नव्हतो, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आई होती तोवर बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

परवा अकरावी खेप झाली. आमच्या आधी लहान मुलांचा गट असतो. आम्ही बसतो तेव्हा टेबलावर त्यांच्या हातांचे ठसे अजून ओले असतात. आमच्यात सर्वांत मोठ्या आजी आहेत, त्यांना शब्द सापडत नाहीत पण निळा रंग बरोब्बर सापडतो. याहून जास्त सांगणार नाही. गटातलं गटातच ठेवायचं, असा तिथला नियम आहे.

पहिल्या दिवशी ऑइल पेस्टलचा डबा पुढे आला. चाळीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर गेलेला माणूस मी. टी-स्क्वेअरशिवाय माझी रेघ सरळ जात नाही, आणि मुद्दाम वाकडी काढ म्हटलं तर हात उचलतच नाही. थेरपिस्ट बाई तुझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, ‘चित्र नका काढू, नुसता हात फिरवा.’ मी काळा खडू घेऊन कागदाचा एक कोपरा घासत बसलो. किती जोर लावतोय ते खडू मोडला तेव्हा कळलं. तेवढा कोपरा मेण फासल्यासारखा चकाकत होता, नख मारलं की खालचा पांढरा दिसायचा. बाईंनी विचारलं, ‘अजून घासायचंय?’ बस्स, एवढंच. छान म्हणाल्या नाहीत, आणि काळाच का घेतला तेही विचारलं नाही. मी आणखी घासलं. त्या रात्री सलग पाच तास झोपलो. चमत्कार समजू नकोस, दुसऱ्या रात्री तीनला डोळे टक्क उघडे होतेच.

पाचव्या का सहाव्या खेपेला ‘घरातली एक जागा काढा’ म्हणाल्या. मी सवयीने आईच्या खोलीचा प्लॅन काढला, वरून दिसतो तसा, चक्क स्केलमध्ये. खिडकीजवळची तिची खुर्ची म्हणजे एक छोटा चौकोन. बाईंनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘इथे बसलं की काय दिसतं?’ चिनू, तीन वर्षं ती तिथे बसत होती आणि मी एकदाही त्या खुर्चीत बसून बघितलं नव्हतं. दुसरा कागद घेतला. तिथून दार दिसतं. दाराच्या चौकटीत मला मीच काढावा लागला, औषधांचा ट्रे घेऊन उभा, आत येण्याच्या घाईत आणि निघायच्याही घाईत. चेहरा काढायचा राहिला. मला पुढे काही दिसेना. बाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

तुला माहितीये, मला कुठल्याही गोष्टीचा नकाशा लागतो. म्हणून वाचून काढलं. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार 1938 मध्ये क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून होता. खाटेवरच चित्रं काढत त्याने ते दिवस काढले, मग शेजारच्या रोग्यांच्या हातात पेन्सिली दिल्या. ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्याचंच, 1942 चं. आणि 2016 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. 18 ते 59 वयाच्या 39 जणांना माती, मार्कर, कोलाज, हवं ते घेऊन पाऊण तास काहीही करा म्हणाले, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. साधारण चारांतल्या तिघांचं उतरलं. चित्रकलेत हात बसलेले आणि न बसलेले यांच्यात फरक दिसला नाही. आता 39 म्हणजे काही फार नव्हेत, आणि पाऊण तास नुसताच बसवलेला दुसरा गटही नव्हता, तुलना कशाशी करणार? मला ते खटकलंच. पण हात बसलेला नसला तरी चालतं, हे माझ्या कामाचं निघालं.

तुझ्याही. चित्र यावं लागत नाही. आणि बाजारातल्या पुस्तकात रंग भरणं म्हणजे थेरपी नव्हे. त्याने विरंगुळा होतो, तोही वाईट नाही, पण थेरपीला शिकलेलं माणूस समोर लागतं, कारण कधी कधी नको ते वर येतं. आणि डॉक्टर सोडायचे नाहीत, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, रात्री दीडपर्यंत लॅपटॉप... बघ, सुरू झालं माझं. माफ कर.

आणखी एक. माझ्या मोजमापांच्या जुन्या वह्या काढल्या होत्या. एकीत तू इयत्ता दुसरीत असताना चित्र काढलं होतंस आणि मी तुला तुझ्याच हाताने ते खोडायला लावलं होतं. ‘ऑफिसची वही आहे ती!’ तू रडली नाहीस, पार कागद खरखरीत होईपर्यंत खोडत राहिलीस. वही दिव्याखाली तिरपी धरली तर दाबाच्या खुणा अजून होत्या. 2बी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. एक बाई वर आली. मोठे डोळे, गुडघ्यांपर्यंत हात, आणि तोंडच नाही.

दोन रात्री मला तेच दिसत होतं. वाटलं, ही तेव्हापासूनच काही सांगत नाही आणि ते माझ्यामुळे. वही बाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, ‘चित्र म्हणजे कुंडली नव्हे. मुलं पुष्कळदा काहीतरी काढायचं विसरतात. किंवा तुम्ही थांबवलंत तेव्हा ती तोंडापर्यंत पोचलीच नसेल. मला काय विचारता, तिलाच विचारा.’

आन्री मातीस हा मोठा फ्रेंच चित्रकार. विशीचा होता तेव्हा वकिलाच्या कचेरीत कारकून. अपेंडिक्सच्या दुखण्यातून उठत होता तेव्हा त्याच्या आईने त्याला रंगांचा डबा आणून दिला आणि तिथून तो चित्रकार झाला. पुढे बाप फार नाराज झाला म्हणे. बापांचं हे असंच.

आई गेली त्या दहा दिवसांत तू सगळं निभावलंस. कागदपत्रं, फोन, मावशीचं रडणं, माझं न रडणं. तू कुठे म्हणून डगमगली नाहीस. मी सगळ्यांना ते कौतुकाने सांगत होतो, अजूनही सांगतो. पण आता सांगताना मध्येच थांबतो. धडधड त्यानंतरच सुरू झाली ना? हे विचारायचं नव्हतं. राहू दे, उत्तर नको देऊस.

वहीचं ते पान आणि खडूंचा डबा सोबत पाठवतोय. काळा अर्धाच उरलाय, बाकीचा मी संपवला. मी नवा डबा घेतलाय. तू काय काढलंस ते मला दाखवायची गरज नाही.

तुझा,
बाबा

ता.क. डॉक्टरांची पुढची तारीख कधीची आहे? नुसती तारीख कळव.