शाल नंतर द्या, आधी माइक लावा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ कलावंतांचे मासिक मानधन २०२४ मध्ये सरसकट ५,००० रुपये झाले, हे बरे झाले. या पत्रातले मागणे वेगळे आहे. सांगली-साताऱ्याहून कोल्हापूरच्या स्टुडिओत जाऊन हवालदार, सरपंच, सावकार, खाष्ट सासू अशी कामे करत आयुष्य काढलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, निवेदक ‘आज कसं वाटतंय?’ विचारतो आणि दोन मिनिटांत माणूस मंचावरून खाली. अशा प्रत्येकाचे सहा तासांचे बोलणे नीट मुद्रित करून ठेवावे, एवढेच म्हणणे आहे. पण ‘नीट’ म्हणजे काय हे शासन निर्णयात लिहिले नाही, तर ठेकेदार एका दुपारी मोबाइलवर उरकून बिल लावेल. म्हणून हा तपशील.

सहा तास म्हणजे दीड-दीड तासाच्या चार बैठका, मध्ये दोन-तीन दिवसांची फट. पहिल्या बैठकीत सत्कारांतून घासून गुळगुळीत झालेले किस्सेच निघतात. ते निघू द्यावेत. खरे आठवते ते नंतर, रात्री अंथरुणावर पडल्यावर, आणि ते तिसऱ्या बैठकीत बाहेर येते.

साल विचारू नये. माणूस अडखळतो, नाहीतर ठोकून देतो. ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात शूटिंग चालू होतं का?’, ‘थोरली तेव्हा कितवीत होती?’ असे विचारले की ११ डिसेंबर १९६७ सारखा पक्का खुंटा मिळतो आणि बाकीचे त्याला बांधता येते. कामाबद्दल विचारायचा तो व्यवहार: भत्ता रोज मिळे की शेवटी, एसटीचे तिकीट कोण काढी, फेटा घरचा की कंपनीचा, पावसाने शूटिंग मोडले तर तो दिवस धरत का, न वटलेल्या चेकचे पुढे काय झाले.

घरच्यांना सुरुवातीच्या बैठकीत बसवू नये. मुलगा मध्येच दुरुस्ती करतो, नट गप्प होतो, आणि पैसा व दारू हे विषय तर निघतच नाहीत. पत्नीची बैठक वेगळी घ्यावी, तीही या सहा तासांत न धरता. नवरा महिनाभर आउटडोअरला असताना शाळेची फी आणि सासऱ्याचा दवाखाना कोणी पाहिला, हे तिलाच ठाऊक. अभिनेत्रीच्या घरी हेच उलटे करावे. चौथ्या बैठकीला मात्र सगळे हवेत, समोर फोटोंचा अल्बम उघडून.

प्रसिद्धीचा प्रश्नही सरळ विचारला की फुकट जातो. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाचे निळू फुले. बायाबापड्या शिव्याशाप देत त्या पडद्यावरच्या पाटलाला. साताऱ्याजवळच्या वेळेकामथीचे सयाजी शिंदे पडद्यावर येण्याआधी पाटबंधारे खात्यात पहारेकरी होते. एका अंगात दोन माणसे कशी नांदली, हे कळायचे तर ‘मंडईत भाजी आणायला कोण जायचं?’, ‘मुलीला स्थळं येताना लोक काय म्हणायचे?’ इथून सुरुवात करावी लागते.

आता यंत्राचे. मुद्रण घरीच, सकाळी आठ ते साडेनऊ. एप्रिलच्या दुपारी पंखा बंद ठेवता येत नाही आणि पंख्याची घरघर नंतर काढू गेले की आवाज पातळ होतो. फ्रिजही बंद करावा. (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो सुरू करायचे विसरत नाही.) कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, रेशमी पदरावर लावला तर सळसळ येते. दुसरा माइक प्रश्नकर्त्याला. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी. दोन ट्रॅकचे सहा तास सव्वासहा जीबीच्या आसपास होतात, तेव्हा जागा वाचवायला एमपीथ्री करण्याचे कारण नाही.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, वरचा थर पानालाच राहतो. आधी अख्ख्या पानाचे छायाचित्र, मग जमल्यास ६०० डीपीआयला स्कॅन. नावे मागे मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

प्रती तीन, त्यातली एक सांगलीबाहेर. इथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तळमजल्यावरच्या कपाटांतले अल्बम कशाने गेले हे वेगळे सांगायला नको. भिजलेले फोटो लोक उन्हात पसरतात, ते वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. स्वच्छ गार पाण्यात विसळून, सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून सुकवावेत. दोन दिवसांत जमणार नसेल तर मध्ये बटरपेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

संमतिपत्र मराठीत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. एखादा भाग आपल्या हयातीत उघडू नये असे म्हणायची मुभा त्यात हवी, नाहीतर तो भाग बोललाच जाणार नाही. बोलणे कागदावर उतरवायला तासाला सहा ते आठ तास लागतात. त्याचे पैसे अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावेत. उतरवताना ‘व्हतं’ला ‘होतं’ करू नये.

यादी नव्याने करायची गरज नाही. मानधनाच्या लाभार्थ्यांची यादी जिल्ह्यात आहेच. ती वयाने उतरत्या क्रमाने लावून पहिल्या नावापासून सुरुवात करावी, आणि सांगलीत ५ नोव्हेंबरच्या रंगभूमीदिनी जे मंचावर येणार असतील त्यांच्या चारही बैठका ऑक्टोबरअखेर झालेल्या असाव्यात.

आपले,
सांगली-साताऱ्यात ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र-जतनाचे काम करणारे