झेडपीची निवडणूक घ्या, आणि मतदारसंघांचा नकाशा मराठीतपण लावा

मा. ग्रामविकास आणि पंचायत राज मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

साहेब नमस्कार. बेळगाव तालुक्यातनं लिहितोय. सीमाप्रश्नावर नाही हां, तो 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथंच राहू दे, आणि लगेच महाराष्ट्र एकीकरण समितीवाला म्हणून शिक्काही मारू नका. झेडपीबद्दल बोलायचंय.

1882 च्या ठरावात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड रिपननं सांगितलेलं की लोकल बोर्डात सरकारी मेंबर एक तृतीयांशाच्या वर नकोत आणि बोर्डाचा एरिया लहान ठेवा, मेंबरला तिथली माहिती पाहिजे. मग 1884 चा कायदा आला, बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून इथंही तालुका बोर्ड, जिल्हा बोर्ड. लई भारी होतं असं नाही, जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टरच, मत मूठभरांना आणि शेतसाऱ्याच्या रुपयामागं 1 आणा लोकल फंड मात्र सगळ्या शेतकऱ्यांकडनं. कुणाला किती जागा हे इंग्रज जात-धर्म बघून ठरवायचे, 1919 च्या सुधारणांत मुंबई कौन्सिलात, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळात, मराठा आणि तत्सम जातींना 7 राखीव जागा दिल्या, पण भाषेचा विचार नाही, गुजराती मराठी कन्नड सिंधी सगळे एकाच पोत्यात.

आणि आपण काय केलं? झेडपीची शेवटची निवडणूक 2016 ला, 2021 ला मुदत संपली, मग कारभार अधिकाऱ्यांच्या हातात. म्हणजे रिपनच्या एक तृतीयांशाच्या पण पुढं गेलो, सरकारी माणसंच शंभर टक्के! आणि हे कुठं, तर ज्या कर्नाटकात तुमच्याच खात्याचे मंत्री अब्दुल नझीर साब यांनी पंचायत राजच्या 73 व्या घटनादुरुस्तीच्या आधी, 1987 लाच, बायकांना 25 टक्के जागा ठेवून झेडपीच्या निवडणुका घेऊन दाखवल्या.

आता मतदारसंघ आखायचं. ते काम 2021 मध्ये निवडणूक आयोगाकडनं काढून सरकारनं वेगळ्या सीमांकन आयोगाला दिलं. ठीक आहे, पण खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली लागून असलेली मराठी गावं तोडून इकडं दोन तिकडं तीन अशी वाटली तर प्रत्येक ठिकाणी ती मायनॉरिटीतच राहणार, आणि हेच महाराष्ट्रात कन्नड गावांचं केलं तरी मी चूकच म्हणेन. लोकसंख्येचा आकडा जुळला म्हणून प्रतिनिधित्व होत नाही ओ.

केंद्राच्या 1956 च्या मेमोरँडममध्ये आहे की जिथं भाषिक अल्पसंख्याक 15-20 टक्के तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतपण द्यायच्या. मग मतदारसंघाचा ड्राफ्ट नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बोर्डावर कन्नडसोबत मराठीत लावा, त्याच्या खाली आक्षेपाचा अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा ते लिहा, आणि आक्षेपांना निदान महिनाभर द्या, तोही सुगीच्या गडबडीत नको.

बेळगाव तालुक्यातला एक मतदार